द्वारकाकाकूंचा पोह्यांचा वर्ग

मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीतली बावडी माझ्या चुकीच्या हिंदीमुळे चार-पाच वर्षं जास्त जगली. माझ्या हातून आयुष्यात घडलेलं हे एकुलतं एक समाजकार्य, आणि तेही चुकून. चूक माझी होती. तिचा उपयोग करून घ्यायची अक्कल द्वारकाकाकूंची.

काकू मूळच्या मालवणच्या. वडिलांच्या दोन होड्या होत्या, आणि घराच्या पायरीपासून समुद्र इतका जवळ की भरतीच्या वेळी चपला आत घ्याव्या लागत. अशी मुलगी इंदूरच्या एका मराठी शाळेतल्या मास्तरांना दिली. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना विचारलं, "पाणी खंय आसा?" मास्तरांनी कोपऱ्यातला माठ दाखवला. काकू म्हणत, "तेव्हाच समजले, हे गृहस्थ सज्जन आहेत पण कोरडे आहेत."

मी त्यांच्याकडे रस्त्यावरच्या खोलीत भाडेकरू होतो. तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या, नऊवारीचा कासोटा असा घट्ट की जणू आत्ता कुणीतरी वल्हं हातात देणार आहे. गल्लीत कुणाच्या घरी बाळंतपण असो, कुणाचा नवरा पगार घेऊन परस्पर गायब झालेला असो, कोपऱ्यावरचा कंदील आठवडाभर पेटलेला नसो, काकू पदर खोचून निघत. त्यांना कुणी बोलावत नसे. बोलावण्याची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता.

माणसं मोजायचं त्यांचं माप एकच होतं. गल्लीत कुणाकडे मुलगा बघायला आला की काकू दारात उभ्या राहून त्याला आपादमस्तक न्याहाळत आणि आत येऊन निकाल देत. "हा तरेल." किंवा "हा बुडेल, पण हातपाय मारील." मी खोली बघायला गेलो तेव्हाही त्यांनी मला असंच न्याहाळलं होतं. मग मास्तरकाकांकडे वळून म्हणाल्या, "द्या ह्याला खोली. हा उभ्या-उभ्या बुडणारा आहे, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

त्यांचा दुसरा शब्द म्हणजे "हात मार." लहानपणी समुद्रात ढकलून देताना वडील हेच ओरडत म्हणे. पुढे तो शब्द त्यांना सगळीकडे चालू लागला. परीक्षेत नापास झालेल्या पोराला, सासूने छळलेल्या सुनेला, अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना औषध एकच. "रडतोस काय? हात मार!" मराठीत हे चालून गेलं. एकदा सियागंजात गुळाच्या ढेपांनी भरलेला हातठेला गटारात कलंडला. हमाल डोक्याला हात लावून उभे. काकूंनी भर बाजारात पिशवी खाली ठेवली आणि गरजल्या, "अरे देखते क्या हो? सब मिलके हाथ मारो! हाथ मारो!" आता हिंदीत हात मारणं म्हणजे दुसऱ्याच्या मालावर डल्ला मारणं. लोकांना एवढं मोकळं निमंत्रण कधी मिळालं नव्हतं. दोन ढेपा डोळ्यांदेखत गेल्या, आणि शेटजींनी टोळीची म्होरकी म्हणून काकूंनाच धरून ठेवलं. सोडवायला मी गेलो. मी माझ्या हिंदीत असा काही खुलासा केला की शेटजींनी मलाही बसवून घेतलं. शेवटी मास्तरकाका आले, तेव्हा आम्ही दोघं सुटलो.

इथपर्यंतची हकीकत मला हसत सांगता येते. पुढची सांगताना जरा जपून सांगावी लागते.

आमच्या गल्लीच्या टोकाला बावडी होती, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायची विहीर. पायऱ्या एकाच बाजूला, बाकी तिन्हीकडे उभी दगडी भिंत. शेजारच्या गुलाबभाभींची केसर, चौदा वर्षांची, एका रविवारी दुपारी घागर भरायला उतरली आणि शेवाळावरून घसरली. आरडाओरडा ऐकून आम्ही सगळे धावलो. दोरी आणायला मी पळालो, कारण दोरी माझ्याच खोलीबाहेर होती. आणली, पायरीवर उभा राहून जीव खाऊन फेकली. सगळी फेकली. एक टोक आपल्या हातात ठेवायचं असतं, हे मला दोरी पाण्यात पडल्यावर आठवलं.

काकू त्या वेळी सियागंजात होत्या. परत आल्या, हातातले नारळ रस्त्यावर टाकले आणि तशाच उडी घेऊन केसरला वर काढलं. उशीर झाला होता. त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत ओल्या लुगड्याने पायरीवर बसून होत्या. उठताना एवढंच बोलल्या, "सतरा माणसं काठावर होती. आणि मी नारळ हलवून बघत होते."

दोरीबद्दल त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात गुलाबभाभींनी आमच्या कचेरीत अंगठा दिला, बावडी बुजवून टाका. सगळ्या गल्लीने खाली सह्या केल्या. मीही केली. सही केली नाही ती एकट्या काकूंनी.

"एक बुजवाल," त्या म्हणाल्या. "मग बाया पाण्याला पुढच्या मोहल्ल्यात जातील. तिथे दुसरी बावडी आहे. किती बुजवणार? मी ह्या गल्लीतल्या एकूण एक बाईला पोहायला शिकवते. मग खुशाल भरा मुरूम."

गुलाबभाभींनी हे ऐकलं आणि काकूंशी बोलणं सोडलं. समोरासमोरची दारं, रोजचं येणं-जाणं, एका परातीत निवडलेली धान्यं, सगळं बंद. काकू त्यांच्या दाराशी गेल्या की आतून कडी लागायची. काकूंना मी पहिल्यांदाच काही न बोलता परत फिरताना पाहिलं. पण निश्चय काही हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दौत-टाक घेऊन त्या माझ्या खोलीत हजर.

"कारकुना, अर्जी लिही."

आता माझ्या हिंदीबद्दल सांगणं भाग आहे. होळकरशाहीत आमच्या घरातल्या दोन पिढ्या मराठीत कारकुनी करत आल्या. मी नोकरीला लागलो आणि लवकरच मध्यभारत राज्य झालं. कचेरीचा कारभार हिंदीत आला. बोलायची हिंदी आम्हाला यायची, तीही 'क्यों भिया' आणि 'अपन तो निकले' एवढ्यापुरती. लिहायची वेळ आली की मी सोपी युक्ती करत असे. मराठी क्रियापद घ्यायचं, 'णे' काढायचं, 'ना' लावायचं. साहेबांनी झापलं तेव्हा मी लेखी कळवलं होतं की 'साहब को मुझ पर राग आया.' आमचे वरिष्ठ दुबेजी यांनी भर कचेरीत विचारलं, "कौन-सा राग आया पंडितजी? भैरवी?" तेव्हापासून मी कचेरीत भैरवी झालो होतो.

तर या भैरवीने काकूंची अर्जी लिहिली. पोहणे म्हणजे पोहना. बुजवणे म्हणजे बुझाना. 'मल्हारगंज की बावड़ी पर महिलाओं को रोज़ दोपहर पोहना सिखाने की अनुमति दी जाए, और सिखाना पूरा होने तक बुझाने का काम न किया जाए.' मला स्वतःला ते इतकं आवडलं की मी काकूंना दोनदा वाचून दाखवलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. मी खोलीत बसून वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. दुबेजींनी लिहिलं होतं, 'महिलाओं को पोहा सिखाने की अनुमति दी जाती है. भट्टी बावड़ी से दस हाथ दूर रहे. आग बुझाने का प्रबंध आवेदिका स्वयं करें.'

इंदूरचा माणूस. 'पोहना' वाचल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर जलेबीशेजारची प्लेट येणार, आणि 'बुझाना' वाचल्यावर भट्टी. यात त्याची काय चूक?

मी कागद घेऊन काकूंकडे गेलो. "काकू, घोटाळा झालाय. मी उद्या दुरुस्ती करून आणतो."

काकूंनी मला मोठ्याने वाचायला लावलं. मग विचारलं, "बावडीचं नाव आहे?"

"आहे."

"बाया आहेत?"

"आहेत."

"शिकवणं आहे? शिक्का आहे?"

"आहे काकू, पण पोहे..."

"मेल्या, दुरुस्ती केलीस तर पहिला तुला बुडवीन." कागद त्यांनी डब्यात ठेवला. "सरकारने परवानगी दिली आहे. मी घेतली."

खरोखरच, परवानगी चालू आहे म्हणून मुरमाच्या गाड्या लांबणीवर पडल्या. आणि काकूंचा वर्ग सुरू झाला. दुपारी दोन ते चार. बावडीच्या तोंडाला दोन जुनी लुगडी जोडून पडदा. पडद्याबाहेर, बावडीकडे पाठ करून, पहाऱ्याला शाळेतून निवृत्त झालेले मास्तरकाका. रविवारी मी. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या. पाठीला वाळवलेले भोपळे बांधून काकू त्यांना पाण्यात सोडत. भोपळ्याशी शाळेपासून माझा परिचय होता, पण त्याने माणूस वर राहतो हे मला तिथेच कळलं. पंधरवड्यात तिघींच्या आया आल्या, मग एक आजी. "इस उमर में?" म्हणून लाजणाऱ्या त्या आजीला काकूंनी विचारलं, "पाणी वय विचारून बुडवतं का?" मलाही त्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी शिकवून पाहिलं. दोन उन्हाळ्यांत मी छातीभर पाण्यात न किंचाळता उभं राहण्यापर्यंत प्रगती केली.

पण त्यांची खरी गंमत वेगळीच. रोज दुपारी निघताना त्या एक मोठं पातेलं भरून दडपे पोहे नेत. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, आणि वर दडपण म्हणून पाटा. दमलेल्या बायांना खायला. मी म्हटलं, "काकू, कशाला हा व्याप?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कशाला म्हणजे? कागदावर पोहे लिहिलेत ना? सरकारशी खोटं नाही वागायचं. मी कृती सांगते, मग पाण्यात उतरवते."

एके दिवशी दुपारी दुबेजींनी टोपी घातली आणि माझ्या टेबलाशी आले. "चलो भैरवी, मल्हारगंज चलते हैं. शिकायत आई है कि तुम्हारी काकी के पोहे में कुछ काला है."

मला निरोप धाडायलाही सवड मिळाली नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी छाती फुटेस्तोवर ओरडलो, "दुबेजी! ये रही बावड़ी! दुबेजी, आप यहाँ!"

"बहरा नहीं हूँ," दुबेजी म्हणाले.

पडद्यातून काकू बाहेर आल्या. केस ओले, चेहरा निर्विकार, हातात पोह्यांची बशी. दुबेजींना ओट्यावर बसवून बशी हातात दिली. त्यांनी एक घास घेतला, थांबले, बशीकडे पाहिलं.

"माताजी, ये तो कच्चे हैं."

"हमारे उधर ऐसेच खाते."

"भट्टी कहाँ है?"

"आपने दस हाथ दूर बोला था ना? मैंने और दूर रखी. है ही नहीं."

तेवढ्यात पडद्यामागून धपकन कुणीतरी उडी मारली आणि चार-पाच जणी खिदळल्या. दुबेजींची बशी थबकली. "ये क्या था?"

"पोहे भिगो रहे हैं," काकू म्हणाल्या.

दुबेजी उठून पडद्याकडे दोन पावलं गेले. मग आत बायका आहेत हे ध्यानात येऊन तेवढ्याच झटक्याने उलटे वळले, आणि पडद्याला पाठ करून माझ्यावर कडाडले. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं. हा धोका आहे, सरकारी कागदाचा दुरुपयोग आहे, परवानगी इथल्या इथे रद्द, उद्या सकाळी गाड्या येतील. "जिसकी बेटी गई, उसने अर्ज़ी दी थी. उस माँ का तो सोचते! बुलाओ उनको."

बोलवायची गरज नव्हती. गुलाबभाभी आपल्या दारात उभ्या होत्या. दुबेजी हात जोडून म्हणाले, "भाभी, आप बोल दो. कल भरवा देता हूँ."

गुलाबभाभी दारातून बाहेर आल्या. आमच्या समोरून गेल्या, पडदा बाजूला केला आणि पायऱ्या उतरू लागल्या. केसर गेल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. काकू त्यांच्या मागोमाग गेल्या. आतलं खिदळणं एकदम थांबलं. पहाऱ्यावरचे मास्तरकाका धरून आम्ही तिघं पुरुष पडद्याला पाठ करून उभे. पण बावडीत बोललेलं घुमून वर स्पष्ट ऐकू येतं.

मग गुलाबभाभींनी विचारलं, "काकी, म्हारी केसर कठे थी?"

"तिथे. त्या भिंतीजवळ."

"वाँ से याँ, सीढ़ी तक... कितरा हाथ मारना पड़ता उसको?"

काकू काहीतरी गोड खोटं बोलतील असं मला वाटलं. तसं त्यांना कधी येत नव्हतंच.

"चार," काकू म्हणाल्या.

"बस चार?"

"चार."

मी दुबेजींकडे पाहायचं टाळत होतो आणि ते माझ्याकडे.

"तो म्हने चार सिखा दो," गुलाबभाभी म्हणाल्या. "आज."

मग पाण्याचा आवाज आला. आधी पायरीवरचा, मग खोल पाण्यातला, आणि त्यावर काकूंचा, घोगरा झालेला पण ठाम. "मी धरलंय. मुंडी वर. सोडणार नाही मी. हाथ मारो भाभी. एक!"

दुबेजींनी टोपी काढली. पुन्हा घातली. कचेरीतून मी सोबत आणलेली अर्जी माझ्या हातातून घेतली, ओट्यावर बसले, आणि मांडीवर ठेवून कोपऱ्यात शेरा लिहिला. मला दाखवला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, बहुधा कच्च्या कांद्याने. शेरा असा होता, 'निरीक्षण किया. पोहे अभी कच्चे हैं. प्रशिक्षण जारी रहे.' आणि जाता-जाता बशीतले उरलेले पोहे त्यांनी उभ्या-उभ्या संपवले.

पुढची तीन वर्षं ते उन्हाळ्यात एकदा येत, ओट्यावर बसत, पोहे खात, आणि 'अभी कच्चे हैं' असा शेरा मारून जात.

गुलाबभाभी पहिल्या उन्हाळ्यात चार हात शिकल्या, दुसऱ्यात बावडी पार करू लागल्या, आणि तिसऱ्यात शिकवू लागल्या. शिकवण्यात त्या काकूंपेक्षा कडक. काकू दमलेल्या मुलीला पायरीवर बसू देत. भाभी म्हणत, "अभी एक चक्कर और. थकने के बाद का जो चक्कर है, वोई काम आता है." दोघींची भांडणं मात्र पुन्हा पूर्वीसारखी सुरू झाली. मीठ कुणी नेलं, परात कुणी परत दिली नाही. गल्लीला हायसं वाटलं.

मध्यभारत संपलं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर मीही गेलो. गल्लीत तोवर नळ आले होते. उपसा थांबल्यावर बावडीचं पाणी हिरवं पडू लागलं, डास झाले, आणि एका पावसाळ्यानंतर ती अखेर बुजवली. मी भोपाळहून काकूंना पत्र लिहिलं. चांगलं चार पानी, सांत्वनाचं, घळघळीत मराठीत. उत्तरादाखल एक कार्ड आलं. 'पत्र पोचले. गल्लीत आता कुणी शिकायचे राहिले नव्हते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नये. मास्तरांचा खोकला बरा आहे.'

काकू त्यानंतर पुष्कळ जगल्या, नव्वदीला टेकल्या असं ऐकलं. पण माझी त्यांची शेवटची भेट ही त्या कार्डानंतर दोन वर्षांनी, रजेवर इंदूरला आलो तेव्हाची. घराला कुलूप होतं. मास्तरकाका शेजारच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हणाले, "दोघी मोटार स्टँडवर गेल्यात. पळ, भेटतील."

भेटल्या. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्या मोटारीत पहिल्याच बाकावर दोघी बसलेल्या. काकूंचे केस पार पांढरे झाले होते. खिडकी गुलाबभाभींनी बळकावली होती आणि त्यावरून वाद चालू होता. मला पाहून काकूंनी नेहमीसारखं आपादमस्तक न्याहाळलं. "वजन वाढलंय. आता तर दगडासारखा जाशील."

"कुठे निघालात काकू?"

"मानपूरला. तिथल्या विहिरीत गेल्या महिन्यात एक सून गेली. भाभींना कुणीतरी सांगितलं."

"मग आता जाऊन काय..."

"पाणी बघून येतो. पायऱ्या आहेत की नाहीत, ते बघायला हवं."

कंडक्टर तिकिटं फाडत आला. दोन म्हाताऱ्या, एकच गाठोडं, परतीची घाई दिसत नाही, हे पाहून त्याने सहज विचारलं, "माताजी, मानपुर में कौन है आपका?"

काकूंनी तिकिटं घेऊन पदराच्या टोकाला बांधली.

"नाम अभी मालूम नहीं," त्या म्हणाल्या. "जाके पूछती."

मोटार सुरू झाली. धुळीत मागे उभा राहून मी हात हलवत होतो, पण दोघींनीही वळून पाहिलं नाही. पुढच्या काचेतून त्या रस्ता बघत होत्या.